येतो

शिफ्ट सुटली की बाबा चाकणहून घरच्या ग्रुपवर लिहायचे, "येतो." आईचे हात तेव्हा पिठात असायचे. म्हणून मी पायथनची एक लायब्ररी वापरून बॉट लिहिला. "येतो" दिसलं, की तो आईच्या वतीनं लगेच आपोआप उत्तर द्यायचा, "या, चहा ठेवते."

"माझ्यासाठी सवत आणलीस की गं!" आई म्हणायची.

ऑपरेशनला आत नेण्याआधी बाबांनी ग्रुपवर लिहिलं, "येतो." निघतानाही आपण हेच म्हणतो, ते बॉटला शिकवायचं राहिलं होतं. त्याचं उत्तर वाचून बाबांना हसू आलं. फोन माझ्या हातात देऊन ते आत गेले.

घरी आई एका बोटानं टाइप करत होती. तिचं "सांभाळून या, वाट बघते" आलं, तेव्हा ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं होतं.

बाबा आलेच नाहीत. त्यांच्या फोनवरचा आईचा तो मेसेज मी अजून उघडलेला नाही.