खोल अक्षरं

“नाव तेवढं काढून दे, बाबालाल.” आबा मोहित्यांनी फडकं सोडून पिस्तूल पुढं ठेवलं. “घेणारा म्हणतो, गेलेल्या माणसाचं नाव घरात नको.”

बाबालाल शिकलगारानं चष्मा लावला. पोलादावरचं ‘विश्वजित’ त्यानंच छिन्नीनं ठोकून कोरलं होतं. मुलाला पिस्तुलाचं लायसन मिळालं त्या दिवशी आबा पेढे घेऊन आले होते आणि हातोडीच्या प्रत्येक घावाला म्हणत होते, “आणखी खोल मार. माझ्या माघारीही राहिलं पाहिजे.” त्याच वर्षी खंडेनवमीला पूजेसाठी पुसताना पिस्तुलातून गोळी सुटली आणि विश्वजित देवघरासमोरच गेला.

बाबालालनं कानस चालवली, मग पॉलिश पेपर. तासाभरात पोलाद आरशासारखं झालं. आबांनी अंगठा फिरवून पाहिला आणि कधीचा कोंडलेला श्वास सोडला.

आता फक्त काळा रंग चढवायचा राहिला होता. बाबालालनं औषधाचा बोळा फिरवला. पोलाद काळं पडत गेलं आणि त्या काळ्यात आधी एक वेलांटी उमटली, मग एकेक अक्षर. त्यानं पुन्हा घासलं, पुन्हा बोळा फिरवला. नाव पुन्हा वर आलं. घाव अक्षराच्याही खाली, धातूच्या पोटात गेले होते.

आबांनी परत अंगठा फिरवला. हाताला काहीच लागत नव्हतं.

“किती खोल गेलंय रे?”

बाबालालनं कानस बाजूला ठेवली. “तुम्ही सांगितलं होतं तेवढं, आबा.”