बायोडेटात नसलेला काका

पाहुण्यांपुढे लिलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओला चिवडा, ठेवला आणि दारात हवालदार उभा! रमाकांतच्या तोंडचं पाणीच पळालं. कौमुदीला बघायला मंडळी आली होती, तीही थेट पुण्याहून. बडोद्याच्या पोलिसाला आजचाच रविवार सापडावा ना!

तो बाहेर आला, दार मागे ओढून घेतलं. ओट्यावर त्याची आई, मंदाकिनी, बसली होती. आत तिला उकडतं, असं पाहुण्यांना सांगितलं होतं. खरी भीती तिच्या तोंडाची. लेकीच्या बायोडेटातून रमाकांतनं सख्खा काका साफ उडवला होता, आणि म्हातारी उठता बसता उन्मेषचं नाव काढायची.

हवालदारानं फोटो पुढे केला. "उन्मेष तुमचा भाऊ ना, साहेब? परदेशात जेलमध्ये आहे. सजा संपली, पण पासपोर्ट नाही, म्हणून अडकलाय. हा आमचाच, असं घरच्यांनी लिहून दिलं की आपली एम्बसी त्याला घरी पाठवेल. दोनदा कागद पाठवला तुम्हाला. जवाबच नाही!"

आईनं मान वर केली. दोन वर्षं हाच रमाकांत सांगत होता, अर्जावर अर्ज करतोय गं, सरकार ढिम्म हलत नाही. आणि ती वेडी रोज देवापुढे बसून सरकारला शिव्या घालत होती. पोटच्या पोरानं असं फसवावं!

"मी नाही ओळखत ह्याला," रमाकांत म्हणाला.

"बा, तुम्ही जुओ जरा." म्हातारीला गुजराती रीतीनं 'बा' म्हणत हवालदारानं फोटो बघायला तिच्या हातात दिला.

रमाकांत तिच्या कानाशी वाकला. "आई, तीन स्थळं मोडली ह्याच्यापायी. पाया पडतो तुझ्या."

त्याच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं. पण आतून कौमुदीचं हसणं ऐकू आलं. किती दिवसांनी हसली होती पोर.

"नाही," आई म्हणाली. "आमच्यातला नव्हे."

रमाकांतचा जीव भांड्यात पडला. हवालदारानं तसं लिहून घेतलं, रमाकांतची सही घेतली आणि फोटोसाठी हात पुढे केला. तिला तो सोडवेना.

"किती वाळलाय," ती पुटपुटली.

पेन खिशाला लावता लावता हवालदार थांबला.

"आधी कसा होता, बा?"