तळ्याकाठचा पाहुणचार

आमटीत माशी होती. विरुपाक्षप्पांनी ती काडीनं बाहेर काढली, तर तिच्यामागोमाग एक लांब केस निघाला. त्यांनी थाळी दूर सारली. खानावळवाला समोरच उभा होता. ज्या फडक्यानं त्यानं चूल पुसली, त्याच फडक्यानं तो आता पाहुण्यांचा पेला पुसत होता.

"जेवा की पावणं," तो म्हणाला. "केस बाजूला काडला की झालं."

भर दुपारी तळ्याकाठच्या त्या खानावळीत दुसरं एकही गिऱ्हाईक नव्हतं. असणार कुठून, असं विरुपाक्षप्पांच्या मनात आलं. मागच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि आत पितळी ताटांची चळत लखलखत होती. चांगली भांडी फळीवर आणि गिऱ्हाइकाला ही चिकट थाळी! ज्या मुलीला बघायला ते आले होते, तिचे मामा आण्णा शेजारी नुसतेच बसून होते. त्यांचा सोमवारचा उपास होता.

विरुपाक्षप्पा कुर्डुवाडीला रेल्वेत मालबाबू. पन्नाशी उलटलेली, दोन बायका होऊन गेलेल्या. माणूस नाकावर माशी बसू न देणारा. घासलेल्या तांब्यात स्वतःचं तोंड दिसलं नाही, तर तांब्या अंगणात भिरकावायचे आणि पुन्हा घासायला लावायचे. पहिलीनं झेपलं तेवढं निभावलं. दुसरी अंगात ताप असताना पहाटे गार पाण्यात धुणं घेऊन बसली, ती अंथरुणाला खिळली आणि पंधरवड्यात गेली. त्यानंतर घराची पार रया गेली होती, आणि घासपूस करायला बाई हवी होती.

मुलीला, जगदेवीला, सोळावं लागलं होतं. बाप नव्हता. थोरल्या चुलत्यानं कुर्डुवाडीत परस्पर शब्द देऊन सुपारीही फोडली होती. आता मुलीकडच्यांनी नाही म्हणायची सोय नव्हती. मोडायचंच झालं तर वरानं मोडायचं, आणि विरुपाक्षप्पांना ते मोडायचं काहीच कारण नव्हतं. मुलगी आणि घर नजरेखालून घालावं, गाडी संध्याकाळची आहे तर गावही बघावं, एवढ्यासाठीच ते आले होते.

आण्णांनी त्यांना हौसेनं गाव दाखवायला घेतलं. तळ्याच्या घाटावर म्हशी डुंबत होत्या, पाण्यावर हिरवीगार साय आली होती, आणि त्यातच एक बाई प्यायची घागर बुडवत होती. विरुपाक्षप्पांनी नाकाला उपरणं लावलं. देवळात वटवाघळांच्या लेंड्यांचा उग्र दर्प भरून होता. पुजाऱ्यानं काख खाजवली आणि त्याच हातानं तीर्थ दिलं. त्यांनी ते ओठांना न लावता कानामागे पुसलं. वडाखालच्या हलवायाकडची बासुंदी नामांकित, असं आण्णा वाटभर सांगत होते. हलवायानं पळी कढईत घातली, चाटून पाहिली आणि तीच पुन्हा कढईत बुडवली.

"जरा घोट तरी घ्या," आण्णा म्हणाले.

विरुपाक्षप्पांनी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर तिथंच ओकारी झाली असती. इतकं ओंगळ गाव त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

घरी गेले, तर तिथंही तेच. ओसरीवर कोंबड्यांची घाण तशीच पडलेली. मुलीची आई सिद्धम्मा बसायला घोंगडं अंथरत होती, त्याला आंबूस वास मारत होता. जगदेवी खाली मान घालून शिऱ्याची ताटली घेऊन आली. दिसायला देखणी होती, वेणी नीट घातलेली होती, कपाळावरचं भस्मही सुबक होतं. तेवढ्यापुरता त्यांचा जीव जरा थाऱ्यावर आला. इतक्यात ती शिंकली. उजव्या तळव्यानं तिनं नाक पुसलं आणि त्याच हातानं त्यांच्या ताटलीत शिऱ्याची मूद दाबून बसवली.

"पोरीच्या हाताला लई चव हाय," सिद्धम्मा कौतुकानं म्हणाली.

विरुपाक्षप्पा उठून उभे राहिले. ही मुलगी आपल्या चुलीशी, आपल्या पाण्याशी? त्यांनी स्पष्टच सांगितलं, हे स्थळ आम्हाला नको.

आण्णांचं तोंड उतरलं. चुलत्याला आता काय सांगू, असं त्यांनी अगदी पडेल आवाजात विचारलं.

"मीच मोडलं म्हणून सांगा," विरुपाक्षप्पा म्हणाले. "वाटलं तर माझ्या तोंडून ऐकवतो त्यांना."

आण्णांनी हात जोडले.

गाडीत बसल्यावर विरुपाक्षप्पांनी खिडकीबाहेर हात काढून आपल्या फिरकीच्या तांब्यातल्या पाण्यानं ते खसखसून धुतले. दिवसभर पोटात अन्न नव्हतं, पण मोठ्या संकटातून सुटल्यासारखं हलकं वाटत होतं. त्याच स्टेशनावर चढलेली एक म्हातारी समोर बसली होती. लुगडं स्वच्छ धुतलेलं, गळ्यात लिंग. तिनं पांढऱ्याशुभ्र फडक्यातली धपाटी सोडली. वर दही, शेंगाचटणी. वासानंच विरुपाक्षप्पांच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं एक धपाटं पुढं केलं आणि त्यांनी ते घेतलं. इतकं खमंग आणि निर्मळ खाणं त्यांना कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं. घरचं का, असं त्यांनी विचारलं.

"न्हाय वो, तळ्याकडंच्या खानावळीतलं. असा निर्मळ हात ह्या मुलखात न्हाय."

विरुपाक्षप्पा हसले. दुपारी आपण तिथंच बसलो होतो, आमटीत माशी निघाली, असं त्यांनी सांगितलं.

"आज कसं बसला तुमी?" म्हातारी नवलानं म्हणाली. "आज त्यानं कुनालाच आत घेतलं न्हाय, मला बी मागल्या दारानं बांधून दिलं. आमच्यातल्या एका पोरीला म्हातारा बिजवर बघाया येनार हुता. ते मोडावं म्हनून सकाळधरनं समदा गाव घाण करत हुता." तिनं दह्याचं मडकं त्यांच्याकडं सरकवलं. "तुमी कुनाकडं आला हुता, दादा?"