होडीचा दाखला

शिवणकाम करकरून त्याच्या बायकोने शिडाची छोटी होडी घेतली होती. शीडही तिनेच शिवलं. पलीकडच्या देशात दिलेल्या लेकीकडे याच होडीतून जायचं, असं दोघांचं ठरलं होतं. पण बायको सहा महिन्यांपूर्वी वारली, आणि तो एकटाच बंदराच्या कचेरीत मालकीचा दाखला काढायला आला. त्याशिवाय पलीकडे होडी लावू देत नाहीत.

तिच्या मृत्यूचा कागद खिशात होता. तो पुढे केला की कारकून तिच्या नावावर काट मारणार, म्हणून त्याचा हात खिशातच अडकून राहिला.

"साहेब, बायको गेली माझी. पण तिचं नाव खोडू नका. मी नुसता सुकाणू धरतो, मालकीण तीच."

"कुठली मालकीण, काका?" कारकुनाने जुनी फाईल त्याच्याकडे फिरवली. "होडी पहिल्या दिवसापासून तुमच्याच नावावर आहे. नशीबवान आहात, लोक इथे खेटे घालून दमतात. तुमचं पाच मिनिटांचं काम."

त्याने कागद खालीवर पाहिला. तिचं नाव कुठेच नव्हतं.

"मग आता घाला की तिचं नाव."

"गेलेल्या माणसाचं कसं घालणार, काका?"

त्याने फाईलमधला होडी घेतानाचा अर्ज उलटून पाहिला. अक्षर बायकोचंच होतं.



मालकांचं नाव विचारलंय, म्हणून तिने नवऱ्याचं लिहिलं होतं.