नंदूचा कॉल

माझा नवरा नंदू डरहॅम युनिव्हर्सिटीकडून तीन वर्षं ओपनिंगला खेळला. आपल्या कॉलवर एकही पार्टनर रन-आऊट झाला नाही, हे तो अजून भेटेल त्याला सांगतो. माझी नजर गेल्यापासून मेडनहेडचे रस्ते मी त्याच्याच कॉलवर ओलांडते. तो ‘वेट, मधू’ म्हणाला की थांबते, ‘येस’ म्हणाला की निघते.

आज सकाळी तो पलंगाखाली पॅड शोधत होता. पंचाहत्तरीत कसले पॅड, म्हणून मी हसले.

बस स्टॉपसमोर त्यानं माझा हात सोडला. “येस!”

मी निघाले. रस्त्याच्या मधोमध पोचले, तोच डावीकडून लॉरीचा हॉर्न आणि मागून नंदूचा खुशीतला आवाज एकदमच आला,

“दोन आहेत, मधू, दोन! वळ मागे, पळ!”