लाल बटण

पुण्याहून पालमला आईकडं आलेली शिवकन्या आठ दिवस एकाच चुकीमागं लागली होती. तिच्यासारखे जगभरातले लोक मिळून लिहितात त्या मोबाईल नेटवर्कच्या सॉफ्टवेअरमध्ये बोलणं संपलं तरी जोडणी सुटतच नव्हती. तपासायला तिनं आईला एक फोन दिला. “बोलून झालं की लाल बटण दाब.” बाहेरच्या खोलीतून ती आईशी फोनवर बोलली. बोलणं झालं, तरी जोडणी तशीच. स्वयंपाकघरात जाऊन बघते तर फोन पिठाच्या डब्यावर, चालूच. “का दाबलं न्हाई, आई?” “लेकीचा फोन मी कसा तोडू? तू ठेवशील म्हणून वाट बघायले.” शिवकन्या हसता हसता थबकली. सॉफ्टवेअरचे दोन भागही असेच एकमेकांसाठी थांबले होते! चार ओळींत दुरुस्ती झाली. परतताना एसटीत आईचा फोन आला. “ठेव आता, आई.” “आधी तू ठेव.” दोघीही फोन धरून बसल्या. गंगाखेडपुढं रेंज गेली, तेव्हा कुठं जोडणी सुटली.