समोर आणि शेजारी

पंढरीने मागून सायकलची घंटी दोनदा वाजवली, तरी जानू वाटेतून हलला नाही. शेवटी मंजुळाने धावत जाऊन नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला बाजूला ओढलं.

"वहिनी, या औषधाने कान जातात कधीकधी," पंढरी उतरत म्हणाला. "आधी बारीक आवाज जातात. घंटी, शिट्टी, पाखरं. मग बाकीचे."

पंढरी साताऱ्याकडचा. घिवलीत त्यांच्याच पडवीत भाड्याने राहायचा आणि बोईसरच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत, कामाला होता. अठ्ठ्याऐंशी साली जानूच्या पोटात गाठ निघाली आणि मुंबईच्या डॉक्टरांनी सलाइनमधून द्यायला सांगितलेलं औषध नेमकं पंढरीच्या कारखान्यात बनणारं निघालं. तेव्हा त्याने ते ओट्यावर मांडूनच दाखवलं होतं. मधे सुपारी, ती प्लॅटिनम धातू. भोवती चार बाजूंना दोन शिंपले आणि दोन चिंचोके.

"शिंपले शेजारीशेजारी असले की औषध गाठीला धरतं. समोरासमोर मांडले, तर शिंपले तेच, चिंचोके तेच, पण गुण शून्य."

"म्हंजे सगळा माल तोच, फक्त बसायचा फरक?" जानूने विचारलं होतं.

"फक्त बसायचा."

आता कान गेल्यावर मंजुळा बोलायला त्याच्या समोर बसायची. ओठ मोठे हलवायची, हातवारे करायची. जानूला हसू फुटायचं. "समोर बसून गुण येत नाय, पंढरी सांगतो ना? शेजारी बस." पण शेजारी बसून बहिऱ्याशी बोलायचं कसं? ती आपली समोरच बसायची.

गणपती झाल्यावर ती पंढरीला घेऊन डॉक्टरांना भेटून आली. आली ती थेट अंगणात, सासूजवळ बसली. काशीबाई बोंबील वाळत घालत होती. जानू त्यांच्याकडे पाठ करून जाळं शिवत होता. भिंतीला कान असतात म्हणतात, पण माणसालाच नसले तर भिंतीची पर्वा कोण करतो!

"औषध लागू पडत नाय," मंजुळा म्हणाली. बाजारात मासळीसाठी ओरडून ओरडून तिचा आवाज बाप्यासारखा घोगरा झाला होता. हळू बोलणं तिला कधी जमलंच नाही. "तुळशीचं लगीन बघतील, त्याच्यापुढे नाय. डॉक्टर बोलला."

काशीबाईच्या हातातला बोंबील गळून पडला.

"त्याला कळता कामा नाय, मंजुळे. माझा पोर हसत जाऊ दे."

जानूची सुई जाळ्यातून चालूच राहिली.

त्या दिवसापासून दोघी त्याच्या पाठीमागे रडायच्या आणि समोर हसायच्या. फार वाईट काम ते. रडून मोकळं तरी होता येतं, हसून माणूस आतून सोलला जातो.

"कवाडाची कडी निसटते," एकदा चुलीपाशी मंजुळा सासूला म्हणाली. "हे गेल्यावर मी घरात निजू कशी?" दुसऱ्या दिवशी जानूने कडी ठोकून पक्की केली. हातात जीव नव्हता, मधे दोनदा थांबला. "बसून कंटाला येतो," म्हणाला. केळव्याला दिलेल्या हिराची, त्याच्या धाकट्या बहिणीची, एकदा भेट व्हावी म्हणून मंजुळा डोळे पुसत सासूला बोलली, तर त्याच आठवड्यात जानूनेच तिला निरोप धाडला. तिच्या हातचं कालवण खायचंय म्हणे.

किती निवांत दिसतो हा, मंजुळाच्या मनात यायचं. त्या निवांतपणाचा तिला आधार वाटायचा आणि रागही यायचा. आपण एकटीने जळायचं आणि याने खुशाल कालवण मागायचं!

दसरा गेला. एका संध्याकाळी जानू ओट्यावर समुद्राकडे तोंड करून बसला होता. दिवसभर हसून मंजुळाचं तोंड दुखत होतं. आज तिच्याने समोर बसवेना. ती त्याच्या शेजारी टेकली, चेहरा दिसू नये म्हणून डोकं त्याच्या खांद्याला लावलं. बहिऱ्या माणसाजवळ मनातलं सगळं बोलता येतं, तेवढंच एक सुख उरलं होतं.

"तुमी गेल्यावर मी भांडू कोणाशी?" ती म्हणाली.

जानूने समुद्रावरची नजर काढली नाही.

"आत्ता भांड ना. तुळशीचं लगीन लांब हाय अजून."